सासूबाईंच्या किनाऱ्यावर पाच दिवस

माझ्या सासूबाई मासे खात नाहीत, अशी लग्नानंतरची कितीतरी वर्षं माझी समजूत होती. एडिनबऱ्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मासे शिजवायचे नाहीत, हा नियम. पडद्यांना वास लागतो म्हणायच्या. मी हर्णैची, बंदरावरचा लिलाव बघत वाढलेली. पुण्यात शिकायला असताना आईने दिलेले सुके बोंबील तीन पिशव्यांत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवायचे, तरी खोलीतल्या मुलीने रेक्टरबाईंकडे तक्रार केलीच. त्यामुळे पडद्यांचं कारण मला नवीन नव्हतं. सासूबाईंना मी मनातल्या मनात त्या रेक्टरबाईंच्या शेजारची खुर्ची देऊन टाकली होती.

मग दोन वर्षांपूर्वी एकदा आमच्या घरी मी मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचा इकडचा भाऊ, साफ करत होते. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ माझे हात बघितले आणि म्हणाल्या, "सुरी दे इकडे." सुरीचं टोक कल्ल्याखाली, मनगटाला एक झटका, आणि कल्ले-आतडी एका दमात बाहेर. डोळ्याची पापणी लवायच्या आत पुढचा मासा हातात. आमच्याकडच्या भल्याभल्या कोळणींनी मान डोलावली असती.

"कुठे शिकलात?"

"आई हेरिंग साफ करायला जायची."

एवढंच. मग तीनदा साबण लावून हात धुतले आणि टीव्हीपुढे जाऊन बसल्या. या सहलीचं मूळ त्या चार शब्दांत आहे. लेकीने हट्ट धरला, "ग्रॅनी, तुझं गाव दाखव." नवऱ्याने कामाचं कारण सांगितलं, ते एका परीने बरंच झालं. मुलासमोर त्या गप्प असतात.

(पुढे मी त्यांना 'ती' म्हणणार आहे. इंग्रजीत अहो-जाहोची सोयच नाही, लेक झाल्यापासून त्या घरात 'ग्रॅनी' झाल्या, आणि आजीला 'अहो' कोण म्हणतं?)

दिवस पहिला, शनिवार : आयमाउथ

गाव ग्रॅनीचं फाइफमध्ये, एडिनबऱ्याच्या उत्तरेला. पण तिने आधी गाडी उलट्या दिशेला, इंग्लंडच्या हद्दीजवळच्या आयमाउथला न्यायला लावली. तिच्या वडिलांची आजी तिथली.

आयमाउथ छोटंसं बंदर आहे. नदीच्या मुखात आत शिरलेला निमुळता धक्का, खेकड्यांचे सापळे रचून ठेवलेले, आणि पर्यटकांच्या हातातल्या माशावर टपलेले सील. लेक सीलपाशी रमली. ग्रॅनी मला किनाऱ्यालगतच्या एका शिल्पाकडे घेऊन गेली. कांस्याच्या लहान लहान बायका आणि मुलं, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. कुणी हात कपाळाशी धरलेला, कुणाचा पदर, म्हणजे शाल, वाऱ्याने उडालेली.

14 ऑक्टोबर 1881, शुक्रवार. आठवडाभर खराब हवेमुळे बोटी धक्क्यालाच बांधलेल्या होत्या. घरात पैसा नाही, आमिष कुजायला लागलेलं. त्या सकाळी समुद्र अगदी शांत होता, पण बंदरावरच्या वायुभारमापकाचा पारा खाली गेलेला. जायचं की नाही यावर धक्क्यावर कुजबुज झाली. एक बोट निघाली म्हटल्यावर बाकीच्यांना मागे राहणं जमलं नाही. दुपारच्या सुमाराला आकाश काळं झालं आणि वादळ आलं. कितीतरी बोटी बंदराच्या तोंडाशी पोचल्या होत्या. समोरच्या खडकांवर त्या फुटताना बायका-मुलांनी काठावरून बघितल्या. या किनाऱ्यावरची 189 माणसं त्या वादळात गेली, त्यातली 129 एकट्या आयमाउथची.

दर्याने माणूस नेणं मला नवीन नाही. आमच्या आळीत दोन घरं तशी आहेत. पण घरातल्यांच्या डोळ्यांदेखत, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर? मी काही बोलले नाही. ग्रॅनीने एका कांस्याच्या मुलीच्या डोक्यावर बोट ठेवलं. "ही असेल कदाचित," म्हणाली. तिची पणजी तेव्हा सहा वर्षांची होती. पुढे ती लग्न होऊन खाडीपलीकडे फाइफला गेली, आणि नवरा निवडताना म्हणे एकच अट घातली होती, दर्यावर्दी नको. नवरा दर्यावर्दीच मिळाला.

संध्याकाळी परतताना पोर्टोबेलोला थांबलो. एडिनबऱ्याचा हा समुद्रकिनारा. लांबच लांब फरसबंदी रस्ता आणि आइस्क्रीम. ग्रॅनी लहानपणी इथे एकदाच आली होती, रविवारच्या शाळेच्या सहलीला. तेव्हा इथे लाटा निर्माण करणारं यंत्र असलेला प्रचंड उघडा तलाव होता, 1936 साली बांधलेला. 1979 मध्ये तो बंद झाला. शॉन कॉनरी सिनेमात जाण्याआधी तिथे जीवरक्षक होता, हे इथला प्रत्येक माणूस सांगतो, ग्रॅनीनेही सांगितलं. तिच्या आठवणीतली मुख्य गोष्ट मात्र वेगळी. आईने लोकरीचा पोहण्याचा पोशाख विणून दिला होता. पाण्यात शिरल्यावर तो भिजून गुडघ्यापर्यंत लोंबला. लेक हसून हसून बाकावर आडवी झाली.

आइस्क्रीम खाताना ग्रॅनी म्हणाली, तिच्या आईने इटालियन माणसाच्या दुकानातल्याशिवाय आइस्क्रीम कधी खाल्लं नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जिथे जाल तिथे इटालियन आडनावाचं आइस्क्रीमचं दुकान सापडतं, त्यातली बरीच कुटुंबं टस्कनीतल्या बार्गा गावाकडची. जून 1940 मध्ये मुसोलिनीने युद्ध पुकारलं त्या रात्री एडिनबरा आणि लीथमध्ये याच दुकानांच्या काचा फोडल्या गेल्या. कालपर्यंत पोरांना जास्तीचा चमचा देणाऱ्या माणसांना पकडून नेलं. त्यातले कितीतरी जण 'अरँडोरा स्टार' या जहाजातून कॅनडाकडे पाठवले जात असताना 2 जुलैला ते जहाज पाणबुडीने बुडवलं. "आई म्हणायची, दुकान उघडलं तेव्हा काउंटरमागे फक्त बायको होती," ग्रॅनी म्हणाली. "मग सगळे मुद्दाम तिच्याकडेच जायचे. बोलायचं मात्र कुणी नाही."

दिवस दुसरा, रविवार : अ‍ॅन्स्ट्रदर

फाइफचा हा कोपरा 'ईस्ट न्यूक' म्हणून ओळखला जातो. न्यूक म्हणजे कोपराच. ओळीने चिकटलेली बंदरं आहेत : ईली, सेंट मोनन्स, पिटनवीम, अ‍ॅन्स्ट्रदर, सेलरडाइक, क्रेल. पहिल्यांदा बघितल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं झालं आणि क्षणभर का ते कळेना. मग लक्षात आलं, कौलं! स्कॉटलंड म्हणजे काळी-करडी छपरं, पण इथे लालसर नळीदार कौलं. हॉलंडकडच्या व्यापारात रिकाम्या परतणाऱ्या गलबतांत वजन म्हणून ती येत, असं सांगतात. घरांच्या त्रिकोणी भिंतींना पायऱ्या असतात. ग्रॅनीला लहानपणी सांगितलं होतं की त्या कावळ्यांना चढायला केल्या आहेत. ती गंमत नाही, त्यांचं नावच 'कावळ्याच्या पायऱ्या' असं आहे.

अ‍ॅन्स्ट्रदरला इथले लोक 'एन्स्टर' म्हणतात. तिथे 1969 साली सुरू झालेलं स्कॉटिश मच्छीमारी संग्रहालय आहे. ग्रॅनीने गेल्या पन्नास वर्षांत त्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. "माझ्याच घरातलं सामान बघायला तिकीट काढायचं?" हे तिचं कारण. मी तिकिटं काढली.

हेरिंग म्हणजे आपल्या तारलीची चुलत बहीण समजा, अंगाने थोराड आणि तेलकट. थव्याने येते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला उत्तरेला शेटलंडजवळ, मग पीटरहेड, अ‍ॅबर्डीन, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात थेट खाली इंग्लंडमधल्या यार्मथला. बोटी थव्यांमागे, आणि बोटींमागे किनाऱ्याकिनाऱ्याने आगगाडीतून बायका. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींपासून पोक्त विधवांपर्यंत हजारो जणी. हंगामाआधी व्यापाऱ्याचा माणूस गावात येऊन इसार देऊन जाई. तो घेतला की बांधिलकी झाली. प्रत्येकीची एक लाकडी पेटी, तिला 'किस्ट' म्हणतात. त्यात कपडे, बायबल, विणकामाच्या सुया.

तिघींची एक टोळी. दोघी मासे साफ करणार, तिसरी, शक्यतो उंच असलेली, पिंपात रचणार, कारण तळापर्यंत वाकावं लागे. ग्रॅनीची आई साफ करणारी. मिनिटाला चाळीस-पन्नास मासे. नुसता कापायचाच नाही, तर कापता कापता आकार ओळखून मागच्या योग्य टोपात न बघता फेकायचा. एका पिंपात सातशे ते हजार मासे, थरावर थर, मध्ये मीठ. ही पिंपं जर्मनीला, रशियाला जात. उघड्यावर, उभ्याने, बोट उशिरा आली तर रात्री दिव्यांच्या उजेडात.

एका काचेच्या पेटीत सुती चिंध्या ठेवल्या होत्या. बोटांना गुंडाळायच्या पट्ट्या. पिठाच्या जुन्या पोत्यांच्या फाडून केलेल्या, वरून दोऱ्याने बांधलेल्या. त्यांना 'क्लूटी' म्हणत. सुरीचा घाव लागायचाच आणि हात दिवसभर मिठात. कोळंबी सोलताना बोटाला काटा लागला आणि वर मिठाचं पाणी गेलं की काय होतं, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

ग्रॅनी त्या पेटीसमोर बराच वेळ उभी होती. मग लेकीला म्हणाली, "रविवारी चर्चमध्ये आई हातमोजे काढायची नाही. उन्हाळ्यातसुद्धा. तिची बोटं अशी... रेघारेघांची होती. शाळेतल्या बाईंना भेटायला यायची तेव्हाही मोजे घालून."

पुढच्या दालनात तिने ते सांगितलं, जे ऐकायला, आता वाटतं, मी इतक्या लांब आले होते. यार्मथला या बायका लोकांच्या घरी भाड्याने राहायच्या, एका खोलीत दोन टोळ्या, एका पलंगावर तिघी. त्या यायच्या आधी घरमालकीण गालिचे उचलून ठेवायची, पडदे काढायची, आणि भिंतींना खालपासून माणसाच्या उंचीपर्यंत जाड कागद चिकटवायची. हेरिंगचं तेल आणि वास भिंतीला लागू नये म्हणून. हंगाम संपला की कागद फाडून जाळायचा.

"आईने हे मला एकदाच सांगितलं. मी एडिनबऱ्याला नर्सिंगला निघाले त्या दिवशी. म्हणाली, कुणाला सांगू नकोस तुझी आई काय करायची."

पडदे! मी त्या रेक्टरबाईंच्या शेजारची खुर्ची तिथल्या तिथे उचलून घेतली. आणि मग मी तिला होस्टेलमधल्या बोंबलांची गोष्ट सांगितली, जी मी तिच्या मुलालाही कधी सांगितली नव्हती. तिने पूर्ण ऐकून एकच प्रश्न विचारला : "मग त्या माशांचं काय केलंस?" टाकून दिले, म्हटलं. रात्री, गेटाबाहेरच्या कचऱ्यात. ती म्हणाली, "अरेरे. चांगले होते का?" चांगले होते. आईने निवडून दिले होते.

हा धंदा बुडाला कसा? पहिलं महायुद्ध आणि रशियन क्रांतीनंतर सर्वात मोठी गिऱ्हाइकं हातची गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांत फोर्थच्या खाडीत येणारी हिवाळी हेरिंगही येईनाशी झाली. ग्रॅनीने कळत्या वयात ते मोठे थवे पाहिलेच नाहीत. तिच्यापर्यंत आली ती आईची सुरी, पेटी, आणि हातमोजे.

संध्याकाळी चालत सेलरडाइकला गेलो. अ‍ॅन्स्ट्रदरची हद्द कुठे संपते आणि सेलरडाइक कुठे सुरू होतं ते दाखवता येणार नाही, पण ग्रॅनीला ते एका पावलाच्या अंतराने माहीत होतं. आधीच्या पावलाला "परकं गाव", पुढच्याला "माझं". जुन्या बंदराच्या काठावर कपडे वाळत घालायचे खांब अजून आहेत आणि त्यांच्यावर चादरी फडफडत होत्या. ग्रॅनी थबकली. "रविवारी?" तिच्या लहानपणी रविवारी दोरीवर रुमाल दिसला तरी गावभर चर्चा. विणायचं नाही, खेळायचं नाही, शिट्टी तर मुळीच नाही.

तिचं घर आता सुट्टीत येणाऱ्यांना भाड्याने देतात. दाराशी चावीची छोटी पेटी आणि खिडकीत लाकडी समुद्रपक्षी. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "आम्हीपण देतच होतो!" जुलैत ग्लासगोचे कारखाने दोन आठवडे बंद असायचे. त्याला 'ग्लासगो फेअर' म्हणतात. निम्मं शहर समुद्रावर यायचं. तेव्हा हे लोक आपलं राहतं घर पाहुण्यांना द्यायचे आणि स्वतः मागच्या जाळ्यांच्या माळ्यावर राहायला जायचे. आई, वडील, तीन पोरं, जाळ्यांच्या ढिगावर गाद्या. डांबराचा आणि दोरखंडाचा वास. "वर्षातले सर्वांत चांगले दोन आठवडे," ती म्हणाली. पाहुण्यांची पोरं खाली तिच्या पलंगावर झोपायची आणि ती माळ्याच्या फटीतून त्यांना बघायची, त्यांची कीव करत.

पाहुणे आगगाडीने यायचे. ती किनाऱ्याची लाइन सप्टेंबर 1965 मध्ये बंद झाली. ग्रॅनी तिच्या शेवटच्या वर्षातच एडिनबऱ्याला गेली, त्याच पेटीत कपडे भरून.

दिवस तिसरा, सोमवार : पिटनवीम, आणि काही नाही

सकाळी खिडकीबाहेर काहीच नव्हतं. बंदर नाही, समुद्र नाही, समोरचं घरही नाही. पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात गरम हवा थंड समुद्रावरून आली की असं दाट धुकं चालून येतं. त्याचं इथलं नाव 'हार'. गळ्यात पडल्याखेरीज राहत नाही, आणि आपण पत्करतो. मराठी माणसाला दोन्ही अर्थांनी पटणारा शब्द.

मे बेटावर पफिन पक्षी बघायला जायचं ठरवलं होतं, ते रद्द. लेक फुगली. पिटनवीमला गेलो. या कोपऱ्यात अजून खरा मासळीबाजार असलेलं बंदर हेच. धुक्यात बोटींची फक्त इंजिनं ऐकू येत होती. धक्क्यावर ग्रॅनीने लेकीला बोटीवर उच्चारायचे नसलेले शब्द शिकवले. डुक्कर म्हणायचं नाही. सामन म्हणायचं नाही, 'लाल मासा' म्हणायचं. पाद्री म्हणायचं नाही. चुकून तोंडातून गेलंच तर लगेच लोखंडाला हात लावायचा आणि 'थंड लोखंड' म्हणायचं. लेकीने अर्थातच तिन्ही शब्द एका दमात मोठ्याने म्हटले. ग्रॅनीचा हात आपोआप धक्क्यावरच्या लोखंडी कडीवर गेला. पंचाहत्तरीपुढची, निवृत्त परिचारिका, चर्चलाही न जाणारी बाई.

मी हसले नाही. माझी आजी दिवेलागणीनंतर साप म्हणायची नाही, 'लांबडं' म्हणायची, आणि मीही अजून म्हणत नाही.

दुपारी घरात बसून ग्रॅनीने मच्छीमारांच्या स्वेटरांची गोष्ट सांगितली. निळी, घट्ट विणीची, छातीवर दोरखंड, नांगर, लाटा अशी नक्षी. प्रत्येक गावाची नक्षी वेगळी, म्हणजे बुडालेला माणूस कुठे सापडला तरी गाव ओळखता यावं, असं पर्यटकांना सांगतात. ग्रॅनीने नाक मुरडलं. "आई यार्मथला शेजारणीची नक्षी बघून यायची आणि घरी येऊन तीच विणायची. बायका आहेत त्या. नक्षी चोरणार नाहीत?" मला हे मूळ गोष्टीपेक्षा जास्त आवडलं.

दिवस चौथा, मंगळवार : ऑखमिथी आणि आर्ब्रोथ

हार उतरली. डंडीला जाताना टे नदीवरच्या रस्त्याच्या पुलावरून शेजारचा रेल्वेपूल दिसतो. त्याच्या बाजूने पाण्यातून वर आलेले जुने बुंधे दिसतात, 28 डिसेंबर 1879 च्या रात्री गाडीसकट कोसळलेल्या पहिल्या पुलाचे. लेकीने फोटो काढले. डंडीत थांबलो नाही.

आर्ब्रोथच्या थोडं उत्तरेला कड्यावर ऑखमिथी नावाची एक घरांची ओळ आहे. बंदर खाली, पडझड झालेलं. ग्रॅनीची मावशी इथे दिलेली होती. इथल्या कोळणींबद्दल एक गोष्ट जुन्या वर्णनांतून येते : थंडीत नवऱ्यांचे पाय भिजू नयेत म्हणून त्या त्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून बोटीपर्यंत नेत. लेक भडकली. "आणि बायकांचे पाय?" ग्रॅनी म्हणाली, मावशीने यावर उत्तर दिलं होतं. दिवसभर ओले पाय घेऊन बसायचं होतं ते नवऱ्याला. बायको घरी येऊन विस्तवाशी शेकू शकत होती. लेकीचं समाधान झालं नाही. माझंही अर्धंच.

पण ऑखमिथीचं खरं देणं म्हणजे 'स्मोकी'. आज ती आर्ब्रोथच्या नावाने ओळखली जाते, कारण एकोणिसाव्या शतकात इथली कुटुंबं चांगल्या बंदरासाठी आर्ब्रोथला उतरली आणि आपली रीत बरोबर घेऊन गेली. एका रात्री घराला आग लागली, खारवलेल्या माशांची पिंपं जळाली आणि सकाळी राखेत चविष्ट मासा सापडला, अशी कथा सांगतात. अशा कथा जगातल्या निम्म्या पदार्थांच्या असतात.

रीत बघितली ती सांगते. हॅडक मासा. डोकं काढायचं, पोट साफ करायचं, मीठ लावून काही वेळ ठेवायचं म्हणजे पाणी सुटतं. मग सारख्या मापाचे दोन मासे शेपटीला सुतळीने बांधून जोडी करायची. जोड्या काठीवर दोन्हीकडे लोंबत्या ठेवायच्या. खाली पिंपात किंवा खड्ड्यात कठीण लाकडाचा जाळ, वरून ओली गोणपाटं. गोणपाटांची सगळी मेख. हवा वाढली तर मासा जळेल, कमी पडली तर विझेल, म्हणून माणूस सारखा गोणपाट ओलं करत, सरकवत उभा असतो. तासाभरात मासा तांबूस, सोनेरी होऊन बाहेर. हा नुसता धुरावलेला नसतो, शिजलेला असतो. 2004 पासून युरोपीय कायद्याने या नावाला संरक्षण मिळालं. आर्ब्रोथपासून आठ किलोमीटरच्या आतच केलेल्या माशाला ते लावता येतं.

आम्ही बंदरावरच्या एका धुरकट खोपटातून दोन जोड्या गरम गरम घेतल्या, कागदात. कातडी सोलली की आतला मासा मोत्यासारखा ओलसर. ग्रॅनीने काट्याचा मधला कणा अखंड उचलला, दोन बोटांत धरून. कागदावर तेलाचे डाग पडले होते. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मावशीकडे वर्तमानपत्रावर खायचो. आई म्हणायची, घरी जाण्याआधी हात लिंबाने धू." पुढच्या दिवसासाठी आणखी तीन जोड्या घेतल्या. तिनेच सांगितलं, मी नाही.

दुपारी सिग्नल टॉवर. आर्ब्रोथपासून समुद्रात अठरा किलोमीटरवर बेल रॉक आहे, भरतीला पूर्ण पाण्याखाली जाणारा खडक. त्यावर रॉबर्ट स्टीव्हन्सनच्या देखरेखीखाली उभारलेला दीपस्तंभ 1811 साली पेटला आणि अजून उभा आहे. माणसं वर्षानुवर्षं त्यात राहत, बायका-मुलं मात्र किनाऱ्यावर या टॉवरमध्ये. दोन्हीकडून दुर्बिणीतून एकमेकांना खुणा करायच्या. रोज ठरल्या वेळी दीपस्तंभावर गोळा वर गेला की सगळं ठीक. आणि घरी मूल जन्मलं, तर टॉवरच्या काठीवर मुलगा झाल्यास विजार आणि मुलगी झाल्यास परकर चढवायचा, असं सांगतात. तिकडे अठरा किलोमीटरवर बाप दुर्बीण लावून बसलेला. 1988 मध्ये दीपस्तंभ स्वयंचलित झाला.

लेकीने विचारलं, "माझ्या वेळी बाबा कुठे होता?" दुबईला, म्हटलं, कामासाठी. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. "परकर जास्त भारी होता," ती म्हणाली.

दिवस पाचवा, बुधवार : स्टोनहेवन

सकाळचा डनॉटर किल्ला मी लवकर संपवते. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात आणि तो तसाच दिसतो. क्रॉमवेलच्या सैन्याचा वेढा पडला असताना स्कॉटलंडचा राजमुकुट इथून गुपचूप बाहेर काढला गेला. एक कथा अशी की खाली किनाऱ्यावर शेवाळ गोळा करणाऱ्या बाईच्या टोपलीतून. ग्रॅनीचा या कथेवर पूर्ण विश्वास. "वास येणाऱ्या बाईची टोपली कोण तपासणार?"

आम्ही स्टोनहेवनला आलो ते तलावासाठी. 1934 साली बांधलेला ऑलिंपिक मापाचा उघडा तलाव. पाणी समुद्राचं, गाळून 29 अंशांपर्यंत तापवलेलं. उन्हाळ्यात बुधवारी रात्री बारापर्यंत पोहता येतं. ग्रॅनीने सहलीचे दिवस त्या बुधवारावरून ठरवले होते, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. सेलरडाइकच्या पोरींनी या तलावाबद्दल फक्त ऐकलं होतं. गरम समुद्र! त्या बिचाऱ्या बंदराशेजारच्या खडकांतल्या पाण्यात निळ्या-जांभळ्या पडेपर्यंत डुंबायच्या.

रात्री दहाला पाण्यात उतरलो. आकाशात अजून उजेड होता, इथे जुलैत पूर्ण अंधार असा होतच नाही. पाण्यावर वाफ. बाहेर बारा अंश. ग्रॅनी पाठीवर तरंगत होती, डोळे मिटून, टोपीखालून पांढरे केस सुटलेले. तीही काही बोलली नाही, मीही नाही. लेकीने तिला विचारलं, लोकरीचा पोशाख आणलास का. तिने डोळे न उघडता पाणी उडवलं.

पोहून बाहेर आल्यावर दात वाजत असताना खायचा घास असतो. त्याचं खास नाव आहे, 'चिटरी बाइट'. बिस्किट असेल, पावाचा तुकडा असेल. त्यावाचून पोहणं पूर्ण होत नाही. आमच्याजवळ बिस्किटं नव्हती. मुक्कामाच्या घरात भिंतीवर सूचना होती : खोलीत मासे शिजवू नयेत. ग्रॅनीने ती दुपारीच वाचली होती, चष्मा लावून, दोनदा.

गाडीत बसलो. मागच्या सीटवर ग्रॅनी आणि लेक, एका टॉवेलमध्ये. ग्रॅनीने पायाशी ठेवलेला कागद उलगडला. थंड स्मोकी, बोटांनी तोडून, आधी नातीला, मग पुढे माझ्या हातात, मग स्वतः. गाडी धुराने, मिठाने, माशाने भरून गेली. तिने बोटं चाटली आणि टॉवेलला पुसली.

"ग्रॅनी, काच खाली कर ना," लेक म्हणाली. "सीटला वास लागेल."

ग्रॅनीच्या बाजूची काच थोडी उघडी होती. तिने ती वर केली.